घशात झोंबणारं ऑलिव्ह ऑइल खराब नसतं

एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइलची बाटली आता कुठल्याही मोठ्या दुकानात मिळते आणि शेंगदाणा तेलाच्या कितीतरी पट पैसे मोजून लोक ती घेतातही. पण घरी आणून चमचाभर चाखलं, जरा कडू लागलं, वर घशात झोंबून ठसका आला की बऱ्याच जणांना वाटतं तेल खराब निघालं. खरी गोष्ट बरोब्बर उलटी आहे. शंका घ्यायची तर तेल अगदी गुळमुळीत, ना वास ना चव असं निघालं तेव्हा घ्यावी.

हे झोंबणं येतं कुठून तर ओलिओकॅन्थल नावाच्या एका फिनॉलमधून (फिनॉल्स म्हणजे फळातच असणारी एक प्रकारची रसायनं). ते सापडलं त्याची गोष्ट भारी आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोनेल केमिकल सेन्सेस सेंटर ही चव आणि वासावर संशोधन करणारी संस्था आहे, तिथले शास्त्रज्ञ गॅरी ब्यूचॅम्प सिसिलीत एका परिषदेला गेले होते, तिथे त्यांनी ताजं ऑलिव्ह ऑइल चाखलं आणि त्यांना घशात नेमकी तीच जळजळ जाणवली जी आयबुप्रोफेन हे वेदनाशामक औषध पातळ रूपात पिताना होते. त्या औषधाच्या चवीवर त्यांनी आधी काम केलेलं होतं म्हणून ते लगेच लक्षात आलं. मग तेलातला तो घटक वेगळा काढला, तपासला, आणि 2005 मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात पेपर आला की हा पदार्थ आयबुप्रोफेन ज्या एन्झाइम्सना अडवतं त्यांनाच अडवतो. (म्हणून काही तेल म्हणजे औषध नाही हां, त्यांच्याच हिशोबाने 50 ग्रॅम तेलात मोठ्या माणसाच्या डोसच्या दहा टक्के एवढाच परिणाम.) आणि जिभेवर काही न होता फक्त घशातच का झोंबतं, तर ज्या रिसेप्टरला, म्हणजे झोंबणं ओळखणाऱ्या सूक्ष्म ग्राहकाला, ओलिओकॅन्थल जाऊन चिकटतं तो तोंडात पुढच्या बाजूला फारसा नाहीच, घशाकडे आहे.

आता मुद्दा असा की हे फिनॉल्स हिरव्या, नुकत्याच तोडलेल्या फळात भरपूर असतात, फळ पिकत जातं तसे कमी होतात आणि बाटलीत तेल जुनं होत जातं तसे आणखी कमी होतात. म्हणजे कडूपणा आणि ठसका हे ताजेपणाचं सगळ्यात सोपं माप, त्याला लॅब लागत नाही. अर्थात ऑलिव्हच्या जातीजातीत फरक असतोच, स्पेनचंच आर्बेकिना मुळात सौम्य तर पिक्वाल आणि इटलीतल्या पुलियाचं कोरातिना चांगलंच तिखट.

पिक्वालचं माहेर म्हणजे दक्षिण स्पेनमधला खाएन प्रांत. जगात सगळ्यात जास्त ऑलिव्ह ऑइल याच एका प्रांतात निघतं, टेकड्यांमागून टेकड्या नुसती ऑलिव्हची झाडं. तिथला शेतकरी ऑक्टोबरमध्ये हिरवी फळं उतरवायला घेतो तेव्हा त्याला माहीत असतं की तेल कमी निघणार, अशा फळांचं लिटरभर तेल काढायला आठ-दहा किलोसुद्धा लागतात, तेच डिसेंबर-जानेवारीत पिकलेली काळी फळं घेतली तर पाचेक किलोत भागतं. लवकर तोडणीचं तेल महाग का याचं उत्तर इथेच आहे, आणि मला तरी ते पैसे योग्य वाटतात. झाडावरून उतरवलेली फळं आणि जमिनीवर पडलेली फळं तिथे वेगवेगळी ठेवतात, कारण पडलेलं फळ ठेचलेलं असतं आणि ठेचलं की आतली लायपेज एन्झाइम्स तेल तोडायला लागतात. ढीग करून ठेवली तर त्यात आंबण्याची क्रियाही सुरू होते. म्हणून चांगल्या गिरणीत फळ तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत दळलं जातं, मग तो लगदा 27 अंशांच्या आत ठेवून अर्धा-पाऊण तास हळूहळू घुसळतात म्हणजे तेलाचे बारीक थेंब एकत्र येतात, आणि शेवटी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तेल, पाणी, चोथा वेगळा होतो. बाटलीवर 'फर्स्ट कोल्ड प्रेस्ड' असं लिहिलेलं असलं तरी आजकाल बहुतेक ठिकाणी प्रेस नसतेच. ताज्या गवताचा, टोमॅटोच्या पानाचा जो हिरवा वास येतो ना, तोही दळतानाच फळातली एन्झाइम्स कामाला लागून तयार होतो.

मग 'एक्स्ट्रा व्हर्जिन' ठरवतं कोण? माद्रिदमध्ये इंटरनॅशनल ऑलिव्ह कौन्सिल आहे, तिच्या नियमांप्रमाणे फ्री ॲसिडिटी (तेल तुटून सुटी झालेली फॅटी ॲसिड्स) 0.8 टक्क्यांच्या आत हवी आणि पेरॉक्साइड व्हॅल्यू (हवेने तेल किती बिघडलं त्याचं माप) 20 च्या आत. पण आकडे पास झाले म्हणजे झालं असं नाही, चव घेणाऱ्यांचं पॅनलही पास करायला हवं, आणि मला या सगळ्या प्रकारातली ही सगळ्यात आवडलेली गोष्ट. आठ ते बारा प्रशिक्षित माणसं, प्रत्येकापुढे गडद रंगाचा छोटा ग्लास, म्हणजे तेल हिरवं की पिवळं ते दिसायलाच नको कारण रंगाचा दर्जाशी संबंध नाही. ग्लास झाकलेला, तेल 28 अंशांच्या आसपास कोमट. आधी वास, मग घोट, तो तोंडभर फिरवून दातांमधून हवा आत ओढायची. फळाचा वास-चव, कडूपणा आणि तिखटपणा हे तीन गुण. दोष म्हणजे आंबूस, कुबट, व्हिनेगरसारखं, खवट. सगळ्यांनी दोषाला दिलेल्या गुणांचा मध्यांक (ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) शून्य आला तरच एक्स्ट्रा व्हर्जिन, थोडा जरी दोष सापडला तर नुसतं व्हर्जिन किंवा त्याच्याही खाली.

ॲसिडिटीबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. 0.2 टक्के लिहिलं म्हणजे तेल उत्तमच असं लोक धरून चालतात, पण ही ॲसिडिटी जिभेला कळत नाही आणि रिफायनरीत धुऊन काढलेल्या तेलाचीसुद्धा 0.3 च्या आत येते. 'लाइट' किंवा 'एक्स्ट्रा लाइट' लिहिलेलं तेल हे असं रिफाइन्डच असतं, कॅलरी तेवढ्याच, ग्रॅमला नऊ. आणि 'पोमेस' म्हणजे उरलेल्या चोथ्यातून सॉल्व्हंट वापरून काढलेलं. तळायला घ्यायचं तर घ्या, पण एक्स्ट्रा व्हर्जिनच्या भावात नको.

2010 मध्ये कॅलिफोर्नियातल्या यूसी डेव्हिस विद्यापीठाने दुकानांतल्या बाटल्या तपासल्या तेव्हा एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणून विकलेल्या आयात तेलांचे 69 टक्के नमुने चवीच्या परीक्षेत नापास झाले होते. त्या कामाला तिथल्याच उत्पादकांचे पैसे होते हे लक्षात ठेवून ते वाचावं, पण त्यातून एक गोष्ट पटते, की भेसळ ही एकच भीती नाही, चांगलं निघालेलं तेलसुद्धा प्रवासात आणि शेल्फवर जुनं होऊन मरतं.

म्हणून बाटली घेताना मी तोडणीची तारीख शोधते. बेस्ट बिफोर भरलेल्या दिवसापासून मोजतात, आणि भरायच्या आधी तेल टाकीत किती महिने पडून होतं ते त्यावरून कळत नाही. झेंडा इटलीचा असला तरी मागचं बारीक अक्षर वाचा, 'युरोपियन युनियन आणि बाहेरच्या तेलांचं मिश्रण' असं बऱ्याचदा सापडतं, त्यापेक्षा एका गावाचं, एका जातीचं नाव लिहिलेलं बरं. पारदर्शक बाटली नकोच, कारण तेलातलं क्लोरोफिल उजेड पकडून ऑक्सिडेशन भराभर वाढवतं. गडद काच किंवा पत्र्याचा डबा घ्या, तोही छोटा. आणि फ्रीजमध्ये गोठलं तर अस्सल, ही टेस्ट सोडून द्या, अस्सल तेलंही कमी-जास्त गोठतात आणि भेसळीचंही गोठू शकतं.

घरी आणल्यावर एकदा पॅनलसारखंच करून बघा. छोट्या वाटीत दोन चमचे घ्या, वर हात झाकून तळहाताने गरम करा, मग वास. जुन्या खोबऱ्यासारखा खवट वास आला तर ते तेल गेलं. हिरवा वास आला, कडवट लागलं आणि ठसका लागला तर बाटली गॅसपासून लांब, बंद कपाटात ठेवा आणि उघडल्यापासून दोन-तीन महिन्यांत संपवा. खास दिवसासाठी जपून ठेवू नका, रोजच्या कोशिंबिरीवर घाला, भाजी परतायला वापरलं तरी चालतं, नेहमीच्या परतण्याच्या आचेला ते टिकतं.