मानसशास्त्रातली उमेदवारी आणि एआय

नागपुरात मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या मुलामुलींच्या मनात आज एक प्रश्न आहे: आपण शिकून बाहेर पडेपर्यंत आपलं काम एआयकडे गेलेलं असेल का? २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या कार्ल फ्रे आणि मायकेल ऑस्बॉर्न यांनी ७०२ व्यवसाय तपासले. मानसशास्त्रज्ञांचं काम यंत्राकडे जाण्याची शक्यता त्यांनी अर्ध्या टक्क्याहूनही कमी धरली होती. पण आजचं यंत्र रात्री दोन वाजता मराठीत धीर देतं. तो जुना आकडा दाखवून या मुलांची समजूत काढणं बरोबर नाही.

मला वाटतं, मुरलेल्या समुपदेशकाला फारसा धोका नाही. धोका आहे तो उमेदवारीला, म्हणजे ज्येष्ठांच्या हाताखाली काम करत शिकण्याच्या काळाला.

सगळ्यात आधी जाईल ते कागदाचं काम. नैराश्य किती आहे ते मोजणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेणं, ० ते २७ मधला गुण काढणं, सत्राच्या नोंदी, अहवालाचा कच्चा मसुदा. यंत्रामुळे ज्येष्ठांचा वेळ वाचेल, ते चांगलंच आहे. पण नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत नवा माणूस तयार होतो तो याच कामावर. बुद्धिमत्ता मोजणाऱ्या भाटिया चाचणीचंच घ्या. तिच्या एका भागात रंगीत ठोकळे जुळवून कार्डावरची आकृती करायची असते, गुण असतात अचूकपणाला आणि वेळेला. चाचणी घेणाऱ्या मुलीला मात्र आणखी बरंच दिसतं. समोरचा पोरगा प्रत्येक ठोकळा ठेवण्याआधी दाराशी बसलेल्या आईकडे बघतो, आकृती बरोबर जुळली तरी मोडतो आणि पुन्हा करायला घेतो. गुणपत्रिकेत याला रकाना नाही, पण अहवालातलं सगळ्यात मोलाचं वाक्य यातूनच निघतं. अशा कितीतरी मुलांसमोर बसल्याशिवाय ही नजर येत नाही.

प्रत्यक्ष उपचारातही यंत्र आलं आहेच. अमेरिकेतल्या डार्टमथ इथल्या संशोधकांनी मार्च २०२५ मध्ये ‘थेराबॉट’ या उपचारासाठी बनवलेल्या एआय चॅटबॉटच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहभागी २१० होते. तो वापरणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणं सरासरी ५१ टक्क्यांनी कमी झाली. हे खरंच मोठं यश आहे. मात्र तुलना झाली ती उपचाराची वाट पाहणाऱ्यांशी, थेरपिस्टकडे जाणाऱ्यांशी नव्हे. शिवाय संभाषणांवर माणसांची देखरेख होती.

साधा चॅटबॉट कुठे चुकतो, ते ओसीडीत, म्हणजे तीच शंका आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजारात, लख्ख दिसतं. ‘मी गॅस बंद केलाय ना?’ असं रुग्ण पुन्हा पुन्हा विचारतो. प्रत्येक होकारानं क्षणभर बरं वाटतं आणि विचारण्याची ओढ आणखी घट्ट होते. म्हणून थेरपिस्ट ठरवून ग्वाही देत नाही. अस्वस्थता आपोआप ओसरते, हे रुग्णाला स्वतः अनुभवू देतो. चॅटबॉट घडतो तो लोकांना आवडलेल्या उत्तरांवर, त्यामुळे त्याचा कल होकाराकडे. शंभराव्यांदा विचारलं तरी तो तितक्याच प्रेमानं ‘हो, केलाय’ म्हणेल.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यानं ऑगस्ट २०२५ मध्ये कायदाच केला: कार्यालयीन कामाला एआय चालेल, उपचाराचे निर्णय त्यानं घ्यायचे नाहीत. ही रेघ मला पटते. पण हातचं काम यंत्राला देऊन निर्णय माणसाकडे ठेवायचे, तर निर्णय घेणारा माणूस शिकणार कुठे?

आपल्याकडे माणसं आधीच कमी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात केरळ वगळता पाहणी झालेल्या एकाही राज्यात लाखामागे एक मनोविकारतज्ज्ञही नव्हता. बहुतेक आजारांत सत्तर टक्क्यांहून जास्त रुग्ण उपचाराविना राहतात. गडचिरोली, भंडाऱ्याकडचे रुग्ण आजही नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची वाट धरतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन उचलायलाही शिकलेलाच माणूस लागतो. काम संपणार नाही, उलट यंत्राचं उत्तर तपासणाऱ्यांची गरज वाढेल.

म्हणून विद्यापीठानं आणि महाविद्यालयांनी पहिलं वर्षभर तरी चाचण्यांचे गुण हातानंच काढायला लावावेत, मग यंत्राचा अहवाल शेजारी ठेवून काय सुटलं ते मार्गदर्शकासोबत वाचावं. दवाखान्यांनी सॉफ्टवेअर घेतलं तरी उमेदवाराची जागा आणि तिचं मानधन काढून टाकू नये. हे करारात आत्ताच लिहून घ्यायला हवं, कारण एकदा गेलेली जागा पुन्हा मिळवणं फार अवघड असतं.