अंधारी खोली आणि कोमट पाणी

सोलापूरच्या पूर्व भागात माझा दवाखाना आहे. मागच्या गल्लीत यंत्रमागांची खडखड दिवसभर चालू असते, तिची इतकी सवय झालीय की लाइट गेली आणि ती थांबली की स्टेथोस्कोपमध्ये भलतंच काहीतरी ऐकू यायला लागतं. काही वर्षांपूर्वी पन्नाशीच्या एक अक्का आल्या. मळमळतं, गरगरतं, जेवण जात नाही. हातातल्या पिशवीत रिपोर्टांचा गठ्ठा: रक्त, सोनोग्राफी, एंडोस्कोपी. सगळं नॉर्मल.

"काम काय करता, अक्का?"

"काय नाय. घरीच असते."

मी ॲसिडिटीच्या गोळ्या लिहून दिल्या. पुढच्या खेपेला गोळ्या बदलल्या. तिसऱ्या खेपेला त्या पदराची गाठ सोडून पैसे काढत होत्या, तेव्हा माझं लक्ष बोटांकडं गेलं. अंगठा आणि तर्जनी तपकिरी, नखांच्या कडेला काळपट रेघ.

"विड्या वळता?"

"वळते की. रोज हजार."

माझा प्रश्न बरोबर होता, पण त्यांच्या हिशेबी ते कामच नव्हतं. सूप मांडीवर घेऊन बसायचं, पान कातरायचं, तंबाखू भरायची, सूत गुंडाळायचं, हे सगळं 'घरीच असण्या'त जमा.

काम काय करता, हा प्रश्न डॉक्टरनं विचारलाच पाहिजे असं ठासून लिहिणारा माणूस इटलीतल्या मोडेना शहरातला. बर्नार्दिनो रामाझ्झिनी (१६३३–१७१४). त्यानं १७०० साली कामगारांच्या रोगांवर लॅटिनमध्ये ग्रंथ छापला, त्यात चाळीसहून अधिक धंद्यांचे आजार आहेत. गरिबाच्या घरी गेलात तर मऊ खुर्चीची वाट बघू नका, तिपाईवर टेका, आणि प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसनं सांगितलेल्या प्रश्नांत आणखी एक घाला: तुझा धंदा कोणता?

हे त्याला सुचलं ते घरचा शौचकूप उपसला जात असताना. मोडेना दाटीवाटीचं गाव. उंच, एकमेकांना चिकटलेली घरं. दर तीन वर्षांनी कूप उपसायची पद्धत होती. खड्ड्यातला एक माणूस जिवाच्या आकांतानं घाई करत होता. इतकी घाई का, असं रामाझ्झिनीनं वरून विचारलं. माणसानं मान वर केली आणि सांगितलं की चार तासांपेक्षा जास्त इथं थांबणं म्हणजे आंधळं होणं. तो वर आल्यावर रामाझ्झिनीनं त्याचे डोळे नीट पाहिले: लाल आणि मंद झालेले. मग विचारलं, यावर तुम्ही लोक करता काय? उत्तर आलं की घरी जातो, अंधाऱ्या खोलीत स्वतःला कोंडून घेतो, दुसऱ्या दिवसापर्यंत बाहेर पडत नाही, अधूनमधून कोमट पाण्यानं डोळे धुतो. तेवढ्यानं बरं वाटतं. घसा जळतो का, दम लागतो का, डोकं दुखतं का? नाही. त्रास काय तो डोळ्यांना.

तीनशे वर्षांपूर्वीच्या एका सफाई कामगारानं दिलेली ही केस हिस्टरी मला आजच्या कितीतरी रेफरल चिठ्ठ्यांपेक्षा चोख वाटते. कुठं त्रास होतो, कुठं होत नाही, किती वेळानं होतो, कशानं कमी होतो, सगळं आलं.

रामाझ्झिनीनं आणखी एक गोष्ट टिपली. या लोकांच्या खिशातली तांब्याची आणि चांदीची नाणी काळी पडत. खड्डा ढवळला की काहीतरी उडून वर येतं आणि तेच डोळ्यांना लागतं, एवढा अंदाज त्यानं बांधला. त्या 'काहीतरी'ची रासायनिक ओळख शेले या शास्त्रज्ञानं १७७७ मध्ये करून दिली: हायड्रोजन सल्फाइड. ऑक्सिजन नसलेल्या मैल्यात काही जीवाणू सल्फेटवर जगतात आणि हा वायू सोडतात. चांदीशी त्याचा संयोग झाला की सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. देवघरातलं चांदीचं निरांजन काळवंडतं ते याच थरानं.

आणि फक्त डोळेच का? हा वायू कमी प्रमाणात असला तर पहिला मार बसतो तो बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला. तो सतत ओला आणि उघडा, वायू अश्रूंत विरघळतो. त्यात चेतातंतूंची दाटी इतकी की पृष्ठभागाच्या पेशी जराशा सोलल्या तरी वाळू गेल्यासारखं खुपतं आणि उजेड सोसवत नाही. पण हाच पृष्ठभाग भरूनही लवकर येतो, एक-दोन दिवसांत. कामगाराचं 'दुसऱ्या दिवसापर्यंत' अगदी घड्याळाबरहुकूम होतं. वायूचं प्रमाण वाढत गेलं की मात्र गोष्ट बदलते. हवेच्या दहा लाख भागांत शंभराच्या पुढं नाक बधिर होतं, सडक्या अंड्याचा वास येईनासा होतो, आणि पाचशेच्या वर माणूस कोसळतो. गटारात एकामागोमाग एक उतरून माणसं मरतात ती यामुळं. हातानं मैला उपसायला बंदी घालणारा २०१३ चा कायदा झाल्यावरही मरतात.

मग बरं कशानं झालं? अंधारानं वेदना कमी झाल्या, पाण्यानं गार नाही पण शांत वाटलं. पडदा भरून आला तो तो माणूस खड्ड्यात नव्हता म्हणून. पेशंट आपला उपाय सांगतो, तेव्हा त्या उपायाच्या वेळी आणखी काय बदललं होतं तेही त्यात दडलेलं असतं.

आपल्याकडं याला एक नेमका शब्द आहे, उपशय. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात रोग ओळखायच्या पाच वाटा सांगितल्यात: निदान (म्हणजे इथं कारण), पूर्वरूप (आधीच्या खुणा), रूप (लक्षणं), उपशय, संप्राप्ती (रोग कसा घडत गेला). कशानं आराम पडला यावरून रोग ताडायचा तो उपशय. लक्षणं लपलेली असतील तर उपशय-अनुपशयानं, म्हणजे कशानं आराम पडतो आणि कशानं त्रास वाढतो यावरून, पारख करा, असं चरकसंहिताही सांगते. आयुर्वेदाच्या सगळ्याच गोष्टी मला पटत नाहीत, पण ही पटते.

गिरणीच्या सोलापुरात तर याचा मोठा धडा होता. कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस नावाचा दमा. छातीच्या एक्स-रेवर त्याची खास अशी खूण नसते. इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये शिलिंग यांनी १९५०च्या दशकात त्याच्या पायऱ्या ठरवल्या, त्या छाती कुठल्या वारी आवळते या प्रश्नावर. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास सर्वांत जास्त, मग आठवडाभर उतरता. कापसाच्या कचऱ्यातल्या जीवाणूंचं विष त्यामागं असतं. रोज तेच श्वासातून छातीत गेल्यावर शरीर थोडं निर्ढावतं, एक सुटी पडली की पुन्हा हळवं होतं.

अक्कांचं गणित उलटं निघालं. तुम्ही यावर काय करता, असं मी अखेर विचारलं, तीन खेपा उशिरा. "रविवारी सुंठीचा काढा घेते. त्या दिवशी एकदम बरं असतं." रविवारी कारखाना बंद, माल नाही, विड्या नाहीत. मी म्हटलं, या खेपेला काढा बुधवारी घेऊन बघा. घेतला. मळमळ तशीच.

तंबाखूतलं निकोटिन ओल्या कातडीतून अंगात शिरतं. विडी वळणाऱ्या बायकांच्या लघवीत त्याचा अवशेष, कोटिनिन, सापडलेला आहे. रक्तातलं निकोटिन दर दोनेक तासांनी निम्म्यावर येतं, म्हणून एका सुटीत माणूस मोकळा होतो. रामाझ्झिनीच्या ग्रंथात तंबाखू कामगारांवरही प्रकरण आहे. त्यात तंबाखूच्या चक्कीला जुंपलेली घोडीसुद्धा मान झटकतात, खोकतात, नाकपुड्या फुरफुरतात.

विड्या सोडा असं सांगणं सोपं होतं, पण अक्कांचा आठवड्याचा बाजार त्यांवरच चालतो. आता अक्का तासातासाला साबणानं हात धुतात, दाराशी वाऱ्याला बसून वळतात, घामेजल्या हातानं तंबाखू चाळत नाहीत. मळमळ बरीच कमी आहे. केसपेपरवर 'गृहिणी'च्या पुढं मी 'हजार विड्या' असं लिहून ठेवलंय.

काढा मात्र त्या अजून रविवारीच घेतात.