स्पेनचे सोने स्टालिनने घशात घातले?

स्पेनच्या यादवी युद्धाचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास ऐकू येते: प्रजासत्ताक सरकारने सोने राखायला मॉस्कोला धाडले आणि स्टालिनने ते गिळंकृत केले. प्रजासत्ताकाविरुद्ध बंड करून युद्ध जिंकलेल्या जनरल फ्रँकोच्या राजवटीने ही कथा वर्षानुवर्षे आळवली.

सोने गेले, हे खरेच. ऑक्टोबर 1936 मध्ये कार्ताहेना बंदरातून 7,800 पेट्या, सुमारे 510 टन, सोव्हिएत संघाच्या ओडेसा बंदराकडे निघाल्या. पण ती नुसती ठेव नव्हती. ब्रिटन-फ्रान्सने ‘अहस्तक्षेपा’चे धोरण धरले होते, हिटलर-मुसोलिनी मात्र फ्रँकोला उघड रसद पुरवत होते. प्रजासत्ताक सरकारला शस्त्रे विकायला मोठ्या देशांपैकी मॉस्कोच तयार होते, तेही फुकट नव्हे. सरकारच्याच लेखी आदेशांनी सोने विकले गेले. त्यातून रणगाडे, विमाने आली. फ्रान्सलाही सोने विकले होतेच, त्याची आरोळी कोणी ठोकत नाही! 1938 पर्यंत साठा जवळपास संपला. इतिहासकार आंखेल विन्यास यांनी हिशेबाच्या कागदांवरून हे दाखवून दिले.

स्टालिन धुतल्या तांदळासारखा होता असे मात्र नाही. रुबलचा दर मनमानी लावून शस्त्रांच्या किमती फुगवल्याचा आरोप अभ्यासकांनी केला आहे.