ऑफिसची मेल स्वतःच्या मोबाइलवर: महूला अप-डाउन करणाऱ्यांसाठी

इंदूरहून महूला रोज अप-डाउन करणाऱ्या आपल्या मराठी मंडळींत संरक्षण खात्याच्या नागरी नोकरीतले बरेच जण आहेत. कोणी एमईएसमध्ये (लष्कराची बांधकामे पाहणाऱ्या मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसमध्ये), कोणी हिशेब शाखेत, कोणी एखाद्या लष्करी प्रशिक्षण संस्थेच्या कार्यालयात. यांच्यापैकी कोणी ना कोणी सुदामानगरच्या भाजीबाजारात मला गाठतोच: "काकू, ऑफिसची मेल मोबाइलवर कशी घ्यायची हो?" मी अशाच एका कचेरीच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झाले. ई-मेल आयडीचे अर्ज तपासून साहेबांपुढे ठेवणे हे माझ्याच टेबलावरचे काम होते, म्हणून एकदा सगळे लिहूनच काढते. अ‍ॅप टाकायला पाच मिनिटे लागतात. दिवस जातात ते त्याआधीच्या अर्जात.

आधी कोणती मेल हवी आहे ते स्पष्ट करून घ्या. लष्कराचे अंतर्गत जाळे इंटरनेटपासून तोडून ठेवलेले आहे. त्यावरचा पत्रव्यवहार खासगी फोनवर येत नाही आणि तो यावा म्हणून करायचा कुठला अर्जही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लष्कराने 'असिग्मा' ही स्वतःची संदेशप्रणाली आणली, तीसुद्धा त्या अंतर्गत जाळ्यावरच चालते. अधिकाऱ्यांना सुरक्षित मोबाइल हवा होता, तर लष्कराने 'संभव' नावाचे स्वतःचे हँडसेटच वाटले, सुमारे तीस हजार. चीनबरोबरच्या ऑक्टोबर २०२४ च्या वाटाघाटींत हेच फोन वापरल्याचे लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितले होते. थोडक्यात, गुप्त काम असेल तर फोनही सरकारचाच.

अमेरिकेच्या लष्कराने वेगळी वाट धरली आहे. तिथे 'हायपोरी' नावाच्या अ‍ॅपमधून सैनिकाला स्वतःच्या फोनवर कार्यालयाचा पडदा नुसता दिसतो. मेल दूरच्या सर्व्हरवरच राहते, फोनमध्ये काहीही उतरत नाही. यूट्यूबवर त्याचे भरपूर व्हिडिओ आहेत आणि ते पाहून आपल्याकडचा एक उत्साही पोरगा ते अ‍ॅप शोधत बसला होता. ती सोय त्यांच्या लोकांसाठी आहे. आपल्या कामाची नाही.

तुमच्या फोनवर येऊ शकते ती जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन या पत्त्याची मेल. ही सेवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, म्हणजे आपण ज्याला एनआयसी म्हणतो त्याची. २०२३ मध्ये ती चालवण्याचे सात वर्षांचे कंत्राट झोहो या भारतीय कंपनीला मिळाले आणि त्यानंतर सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांच्या मेलपेट्या नव्या व्यवस्थेत हलवल्या गेल्या. पत्ते तेच राहिले, आतले यंत्र बदलले. त्यामुळे चार वर्षांपूर्वी एखाद्या सहकाऱ्याने वहीत लिहून ठेवलेली सेटिंगची पायरीवार टिपणे आता विसरा.

आयडी कोणाला मिळतो? नियमित कर्मचाऱ्याला मिळतोच. कंत्राटी कर्मचाऱ्यालाही मिळू शकतो, पण त्याची मुदत कंत्राटाच्या तारखेपर्यंतच. आयडी दोन प्रकारचे असतात, नावाचा आणि पदाचा. नावाचा तुमच्याबरोबर बदलीच्या ठिकाणी येतो. पदाचा खुर्चीचा असतो, खुर्ची सोडली की पुढच्याच्या हाती द्यायचा. पदाचा आयडी स्वतःच्या फोनवर घेतला आणि बदली झाल्यावर तो तसाच राहिला, हा प्रकार मी पाहिला आहे. मागे राहिलेल्या बडे बाबूंना महिनाभर उत्तरे देत बसावे लागले.

अर्ज एनआयसीच्या ईफॉर्म्स पोर्टलवर भरतात. नाव, पदनाम, कर्मचारी क्रमांक, मंत्रालय आणि विभाग, कार्यालयाचा पत्ता, जन्मतारीख, निवृत्तीची तारीख, मोबाइल नंबर, पर्यायी ई-मेल आणि पसंतीचे दोन आयडी, असा तो मामला. त्याखाली तुमच्या वरिष्ठाचे नाव, पदनाम, मोबाइल आणि त्यांचा सरकारी ई-मेल पत्ता. वरिष्ठाकडे स्वतःचा सरकारी ई-मेल नसेल तर अर्ज तिथेच अडतो, म्हणून हे आधी विचारून घ्या.

कागदपत्रे म्हणाल तर फाइलभर काही लागत नाही. पण जे लागते ते अचूक लागते. ओळखपत्र आणि सेवापुस्तिका समोर ठेवूनच फॉर्म भरा. माझ्याकडे परत आलेल्या अर्जांत सगळ्यात जास्त गोंधळ दोन गोष्टींचा असायचा. एक, निवृत्तीची तारीख. जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर निवृत्ती आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी होते, हे लोक विसरतात. आणि आयडीची मुदत याच तारखेला बांधलेली असते, म्हणजे तारीख चुकली तर चालू नोकरीत मेल बंद पडू शकते. दोन, नावाचे स्पेलिंग. आपल्याकडे मराठी आडनावांचे हिंदीभाषक बाबूंच्या हातून काय काय होते, ते सांगायला नको. सेवापुस्तिकेत जसे आहे तसेच लिहा, घरी कसेही लिहीत असलात तरी.

सहीचे दोन मार्ग आहेत. आधारची ई-साइन घेतलीत तर ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो, म्हणजे तो नंबर चालू हवा. नाहीतर फॉर्म छापा, सही करा, वरिष्ठांची सही आणि शिक्का घ्या आणि स्कॅन करून चढवा. स्कॅन ऑफिसच्या स्कॅनरवरच. ते का, ते पुढे येईल. मग अर्ज वरिष्ठांकडून विभागाच्या समन्वयकाकडे आणि तिथून एनआयसीकडे जातो. मध्ये तो कोणाच्या इनबॉक्समध्ये पडून आहे, हे पोर्टलवर दिसते. दिसले की त्या माणसाला फोन करा. सरकारी काम आहे, आठवण करून दिल्याशिवाय हलत नाही.

आता मोबाइल. ओटीपी नोंदवलेल्या नंबरवरच येतो. जिओवरून एअरटेलवर पोर्ट केले तरी नंबर तोच राहतो, त्याने काही बिघडत नाही. पण नंबरच बदलणार असाल तर जुने सिम बंद करण्याआधी नोंद बदलून घ्या. नाहीतर जुन्या नंबरवर ओटीपी जातो, नव्यावर येत नाही आणि नोंद बदलायलाही लॉगिन लागते. अशा वेळी एनआयसी सर्व्हिस डेस्कचा टोल फ्री नंबर १८००-१११-५५५. परदेशात मुलाकडे जाऊन तिथून मेल उघडायचा विचार असेल, तर निघण्याआधी समन्वयकाला विचारा. परदेशातून लॉगिनवर भौगोलिक निर्बंध असतात.

फोन कसा हवा? एनआयसीने जून २०२२ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या सूचना काढल्या, त्यात हे बरेचसे आले आहे. फोन रूट किंवा जेलब्रेक केलेला, म्हणजे कंपनीने घातलेली आतली कुलपे तोडलेला, नको. अ‍ॅप फक्त गूगल आणि अ‍ॅपलच्या अधिकृत स्टोअरवरून घ्यायचे. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा, आणि ४५ दिवसांतून एकदा बदलायचा. फोनचा पंधरा अंकी आयएमईआय नंबर कागदावर लिहून ठेवायचा. तो स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबले की दिसतो. बाहेरच्या कंपनीचे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवर आपला ठावठिकाणा लपवणारी सेवा, वापरायचे नाही, सरकारी कागद गूगल ड्राइव्हवर चढवायचा नाही, आणि कॅमस्कॅनरसारख्या अ‍ॅपने स्कॅनही करायचा नाही. वर ऑफिसच्या स्कॅनरचे सांगितले ते याचसाठी. खरे सांगायचे तर सगळ्यात जास्त मोडली जाते ती हीच सूचना. कागदाचा मोबाइलने फोटो काढायचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर साहेबांना पाठवायचा, ही सवय सुटत नाही.

याला जोडून तुमच्या युनिटचे स्वतःचे आदेश असतात आणि त्यांच्यापुढे एनआयसीची परवानगी चालत नाही. जुलै २०२० मध्ये लष्कराने आपल्या जवान-अधिकाऱ्यांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अ‍ॅप्स फोनमधून काढायला सांगितली होती. काही ठिकाणी तर फोन गेटवरच जमा होतो. तेव्हा मेल चालू करण्याआधी सुरक्षा अधिकाऱ्यांना एकदा विचारा, जमल्यास लेखी.

अ‍ॅपचे नाव गूगलवर टाकून शोधू नका. 'कवच' हे एनआयसीचे दुहेरी ओळख पटवण्याचे अ‍ॅप होते. २०२२ मध्ये ट्रान्सपरंट ट्राइब या पाकिस्तानशी जोडल्या जाणाऱ्या हॅकर टोळीने त्याच्या खोट्या आवृत्त्या पसरवल्या. 'कवच' शोधणाऱ्याला गूगलवर वरच जाहिरात दिसायची आणि तिच्यावर क्लिक केले की खोट्या पानावर पोचायचा. मेल सुरक्षित करायला निघालेला माणूसच त्यांचे सावज. मेलचा पत्ता स्वतः टाइप करून उघडा, अ‍ॅपची लिंक आत लॉगिन केल्यावर किंवा समन्वयकाकडूनच घ्या.

निवृत्ती जवळ आलेल्यांसाठी एक गोष्ट. २०१५ साली राजपत्रात आलेल्या ई-मेल धोरणानुसार किमान वीस वर्षे सेवा झालेल्या अधिकाऱ्याला नावाचा आयडी निवृत्तीनंतर एक वर्ष ठेवता येत असे, मग पेन्शन डॉट जीओव्ही डॉट इन या पत्त्याचा आयडी मिळत असे. तुमच्या विभागाचे ताजे परिपत्रक मात्र पाहून घ्या. आणि या भरवशावर राहू नका. बँक, एलआयसी, आधार, म्युच्युअल फंड, जिथे जिथे ऑफिसचा पत्ता दिला असेल तिथून तो शेवटच्या सहा महिन्यांत काढा. निवृत्तिवेतनाच्या 'स्पर्श' पोर्टलवर पहिल्या दिवसापासून स्वतःचा खासगी ई-मेल आणि स्वतःचा नंबर टाका. मी मुलाचा नंबर दिला होता. तो पुण्याला, मीटिंगमध्ये, आणि ओटीपीची मुदत दहा मिनिटांची.