काळ्या मातीत शिकलेला ड्रायव्हर बर्फात कुठे चुकतो

चोपड्याकडच्या आमच्या शेतरस्त्यावर मृगाचा पाऊस पडून गेला की छोटी गाडी घालणं कठीणच. काळी माती भिजली की साबणासारखी होते, टायरच्या नक्षीत गच्च भरते, मग टायर पार गुळगुळीत होऊन जातो आणि जितकी रेस द्याल तितकं चाक जागच्या जागी फिरून खड्डा करतं. मामा शेजारी बसून एकच सांगायचे, "दम धर भो, रेस सोड, दुसऱ्यावर टाक."

जानेवारीत जळगावहून पंधरा-सोळाशे किलोमीटर तीच हॅचबॅक चालवत मनालीला गेलो, सोलंगच्या वाटेवर दाबला गेलेला बर्फ लागला, चढावर पुढची चाकं फिरायला लागली, आणि मी मामांचं ऐकलं तसं दुसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडला तर गाडी निघाली की! मग उतार आला. वीसच्या स्पीडला ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही, सरळ घसरत जाऊन कडेच्या बर्फाच्या ढिगाला टेकली. कोणाला लागलं नाही, पण मागे बायको आणि पोरगी बसली होती, ते पाच-सहा सेकंद अजून डोक्यातून जात नाहीत. म्हणून घरी आल्यावर हे सगळं नीट समजून घेतलं.

आधी ब्रेकचं बघू. ब्रेक फक्त चाक थांबवतो, गाडी थांबवतं ते टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक (पकड किती मिळते त्याचा आकडा) साधारण ०.७, दाबलेल्या बर्फावर ०.२ च्या आसपास, आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर ०.१ किंवा त्याहूनही कमी. ताशी ४० किलोमीटरला ब्रेक मारला तर डांबरावर गाडी ९ मीटरमध्ये उभी राहते, दाबलेल्या बर्फावर ३१ मीटर लागतात, काचेसारख्या थरावर ६० च्या वर. हे सपाट रस्त्याचं झालं. गुणांक ०.१ असेल आणि दहा मीटरला एक मीटर असा उतार असेल तर हिशोबच संपतो, खाली ओढणारा जोर आणि घर्षण सारखंच होतं, मग ब्रेक कितीही दाबा, गाडी थांबत नाही.

आता काळ्या मातीत मला हे कधी का जाणवलं नाही? कारण चिखल स्वतःच चाकाला धरून ठेवतो. रेस सोडली की गाडी पाच-दहा फुटांत आपोआप उभी राहते, ब्रेकची गरजच पडत नाही. त्यामुळे आपल्याला निघायची अक्कल येते, थांबायची येत नाही. दाबलेल्या बर्फावर चाकाला अडवणारं जवळपास काहीच नसतं.

गाडी हलकी म्हणून जास्त घसरली असंही कोणीतरी म्हणालं, ते खरं नाही. वजन दुप्पट केलं तर घर्षण दुप्पट होतं आणि थांबवायची गाडीही दुप्पट जड होते, म्हणजे अंतर तेवढंच राहतं. मोठ्या फोर-बाय-फोर गाडीचा फायदा निघताना असतो, चारही चाकं ढकलतात म्हणून. थांबताना तर आपल्या गाडीलाही चारही चाकांना ब्रेक असतातच! उलट हॅचबॅकचं इंजिन पुढे आणि ओढणारी चाकंही पुढेच, म्हणजे वजन बरोबर जागेवर पडतं. अडचण ताज्या खोल बर्फाची आहे, गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम सतरा सेंटीमीटर, त्यापेक्षा जास्त बर्फ असला की गाडी पोटावर टेकते आणि चाकं अधांतरी.

बर्फ निसरडा का, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मायकल फॅरडेने १८५० च्या सुमारास सांगितलं होतं की बर्फाच्या पृष्ठभागावर शून्याच्या खालीही पाण्यासारखा एक पातळ थर असतो, आणि पुढे ते खरं निघालं, वरच्या रेणूंना वरून धरून ठेवणारं कोणी नसतं म्हणून ते सैल राहतात. त्यात घासण्याची उष्णता मिळाली की आणखी पाणी होतं. म्हणून उणे वीसच्या कडक बर्फापेक्षा शून्याच्या आसपासचा, दुपारी वितळून संध्याकाळी परत गोठणारा बर्फ जास्त धोक्याचा. देवदाराच्या सावलीतलं वळण, पूल (त्याला खालूनही थंडी लागते), अशा ठिकाणी पारदर्शक थर असतो आणि रस्ता फक्त ओला दिसतो.

सगळ्यात नवल मला टायरच्या नक्षीचं वाटलं. नक्षीत चिखल भरला की टायर वाया, पण बर्फ भरला तर उलट पकड वाढते! बर्फाला बर्फ चिकटतो, पोरं बर्फाचा गोळा वळतात तसंच. म्हणून थंड देशातल्या विंटर टायरवर हजारो बारीक चिरा असतात, बर्फ धरून ठेवायला. फिनलंडच्या एका कंपनीने १९३४ मध्ये पहिला विंटर टायर काढला, ट्रकसाठी. त्याचं रबरही वेगळं असतं, आपले नेहमीचे टायर ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतात, ते टायर मऊ राहतात. ७ अंश म्हणजे रावेर-यावलकडे केळीला चरका बसतो तशी थंडी, मनालीत जानेवारीत बहुतेक रात्री याच्याही खूप खाली जातात. टायरवर गुंडाळायची लोखंडी चेन भाड्याने मिळते ती पुढच्या, ओढणाऱ्या चाकांना लावायची, आणि बर्फ पडल्यावर पोलीस चेन लावलेल्या किंवा फोर-बाय-फोर गाड्याच पुढे सोडतात, त्यांच्याशी वाद घालू नका.

मग उतरायचं कसं? उतार सुरू व्हायच्या आधीच पहिला किंवा दुसरा गिअर टाकून इंजिनच्या जोरावर गाडी रोखायची. टायरजवळ पकड एका मुठीएवढीच असते, ब्रेकमध्ये संपवली तर वळायला उरत नाही, म्हणून स्पीड वळणाच्या आधी कमी करायचा. गाडीत एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर पायाखाली ब्रेक थरथरला तरी तो सोडू नका, भुसभुशीत बर्फात एबीएसने अंतर थोडं वाढतं पण स्टिअरिंग हातात राहतं. मी घाबरून स्टिअरिंग पूर्ण फिरवलं होतं, तिथेच चुकलं, पुढची चाकं आडवी होऊन नुसतीच घासत गेली.

टायरच्या हवेचीही एक गंमत आहे. जळगावात ३० अंशाला ३२ हवा भरली आणि मनालीत उणे ५ ला तपासली तर थंडीने पाच-साडेपाच उतरते, पण तिथे उंची दोन हजार मीटर, बाहेरच्या हवेचा दाब कमी, त्यामुळे तीनेक परत वाढलेली दिसते. मीटरवर ३० च्या आसपास येतं.

आणि रेडिएटर! आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात गाडी तापली की आपण सर्रास नळाचं पाणी ओततो, वर्षभर तेच आत राहतं. पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं, इंजिनचा लोखंडी ब्लॉकसुद्धा तडकू शकतो. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर उणे ३५ पर्यंत गोठत नाही, निघायच्या आधी मेकॅनिककडून तेवढं बदलून घ्या, वायपरच्या टाकीतलं साधं पाणीही काढा. रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका, ओला ब्रेक गोठून चिकटतो, पहिला गिअर टाकून चाकामागे दगड लावा. आमच्या हॉटेलच्या दारात सकाळी एक गाडी मागची दोन्ही चाकं न फिरता नुसती ओढली जात होती, गरम पाण्याच्या तीन बादल्या लागल्या सुटायला.