गुडघ्याची फेरशस्त्रक्रिया आणि ४० चा आकडा

न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत १९७४ साली ‘टोटल कॉन्डायलर’ हा कृत्रिम गुडघ्याचा सांधा बसवायला सुरुवात झाली, तेव्हा खरी चिंता एकच होती: धातू-प्लास्टिकचा हा सांधा हाडात टिकेल का? स्वीडनने १९७५ पासून गुडघा बदलाची राष्ट्रीय नोंदवही ठेवली आणि सांधे का निकामी होतात, याचा हिशेब लागू लागला. सैल होणे आणि जंतुसंसर्ग ही मोठी कारणे. अतिस्थूलतेने ही दोन्ही बळावतात.

बीएमआय (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) मुळात लोकसंख्येच्या अभ्यासासाठीचे माप. हे नाव त्याला १९७२ मध्ये मिळाले. पुढे ४० च्या वरचा बीएमआय म्हणजे अतिस्थूलता, अशी रेघ रूढ झाली. २०१३ मध्ये अमेरिकन असोसिएशन ऑफ हिप अँड नी सर्जन्सच्या गटाने सुचवले, की बीएमआय ४० च्या वर असेल, विशेषतः जोडीला इतर आजार असतील, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा विचार करावा. ही चर्चा प्रामुख्याने पहिल्या शस्त्रक्रियेची होती. तीच रेघ फेरशस्त्रक्रियेला, म्हणजे निकामी झालेला कृत्रिम सांधा काढून नवा बसवण्याला, जशीच्या तशी लावणे आम्हाला चुकीचे वाटते. पू झालेला गुडघा वजन उतरेपर्यंत थांबत नाही.

फेरशस्त्रक्रियेत अडचण चिरेपासूनच सुरू होते. जुन्या व्रणाने ऊती आखडलेल्या, वर चरबीचा जाड थर. गुडघ्याची वाटी बाजूला सरकत नाही. जोर लावला तर वाटीखालचा स्नायुबंध नडगीवरून उपटला जातो, आणि ही इजा नीट भरून येणे फार कठीण. म्हणून मांडीच्या स्नायूच्या कंडऱ्याला वर तिरका छेद देऊन वाट मोकळी करतात. निमुळत्या मांडीवर टूर्निकेट (रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा) घसरतो. वेळ वाढतो, आणि वेळेबरोबर संसर्गाचा धोकाही. संसर्ग टाळण्यासाठी देतात त्या सेफाझोलिन या प्रतिजैविकाचा नेहमीचा डोस २ ग्रॅम. वजन १२० किलो किंवा जास्त असेल तर ३ ग्रॅम, चिरेआधी ६० मिनिटांच्या आत, आणि शस्त्रक्रिया लांबली तर ४ तासांनी पुन्हा.

संसर्ग झालेल्या गुडघ्यासाठी दोन टप्प्यांची पद्धत १९८३ मध्ये मांडली गेली: सांधा काढायचा, सुमारे ६ आठवडे शिरेतून प्रतिजैविके, मग नवा सांधा. आता मधल्या काळात प्रतिजैविकयुक्त सिमेंटचा स्पेसर (सांध्याची जागा धरून ठेवणारा तात्पुरता तुकडा) ठेवतात. जड शरीराला एका पायावर भार न देता वावरणे जमत नाही. स्पेसर सरकतो, तुटतो, उरलेले हाड घासले जाते. नवा सांधा बसवताना नडगीत लांब दांडा घालतात, नाहीतर आतल्या बाजूचे हाड भाराखाली खचते. हाड फारच गेले असेल तर सच्छिद्र धातूचे शंकू लागतात.

तयारीत सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते पोषणाकडे. स्थूल माणूस कुपोषित असू शकतो, रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन दर डेसिलिटरला ३.५ ग्रॅमच्या खाली असेल तर जखम भरायला त्रास होतो. घाईघाईने उपाशी राहून वजन उतरवले, तर हीच स्थिती ओढवते.

२०२३ मध्ये हिप अँड नी सर्जन्सच्या त्याच संघटनेने अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेसोबत केलेल्या शिफारशींत, केवळ ठरावीक बीएमआय गाठण्यासाठी गुडघा बदल लांबवू नये, असे म्हटले. फेरशस्त्रक्रियेत संसर्ग नसताना नुसता सैल झालेला सांधा थोडा थांबू शकतो. पण त्या काळात ठरावीक अंतराने एक्स-रे काढायलाच हवेत: नडगीकडचा भाग आतल्या बाजूला कलताना दिसला की वजनाचे उद्दिष्ट बाजूला ठेवून हाड वाचवायला घ्यावे.