ईएससी बंद करायचं बटण आलं कुठून?

गाडी चिखलात रुतली, ॲक्सिलरेटर दाबतोय पण इंजिन रेसच घेत नाहीये, अशा वेळी घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेलं ईएससीचं (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी सिस्टीम) बटण सगळ्यांना आठवतं. मग तक्रार अशी की बंद केलं तरी पुढच्या स्टार्टला परत चालू कसं काय होतं. तर त्याची गोष्ट बरीच जुनी आहे.

1978 मध्ये बॉश आणि मर्सिडीजने एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारं) आणलं, पुढे ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागच्या जागी फिरू न देणारं) आलं, आणि 1995 ला एस-क्लास कूपेमध्ये पहिल्यांदा ईएसपी, म्हणजेच आपण आता ईएससी म्हणतो ते. बॉशकडे या कामाची धुरा ॲंटन व्हॅन झांटेन यांच्याकडे होती. स्टेअरिंग कुठे वळवलंय आणि गाडी खरी कुठे चाललीये हे सेन्सर सतत बघत राहतात, दोन्ही जुळलं नाही की एखाद्याच चाकाचा ब्रेक लागतो आणि गाडी वळणावर येते. ड्रायव्हरला चार चाकांचे चार वेगळे ब्रेक मारताच येत नाहीत, सगळी गंमत तिथेच आहे.

पण हे तेव्हा श्रीमंतांच्या गाड्यांपुरतंच होतं. 1997 च्या ऑक्टोबरमध्ये स्वीडनच्या एका ऑटो मासिकाने रस्त्यात अचानक मूस (तिकडचं मोठं हरीण) आडवा आला तर गाडी कशी वळेल याची टेस्ट घेतली आणि नवी कोरी मर्सिडीज ए-क्लास चक्क उलटली! कंपनीची नाचक्की झाली, डिलिव्हरी थांबवली आणि शेवटी त्या छोट्या गाडीत ईएसपी स्टँडर्ड द्यावं लागलं. माझ्या मते स्वस्त गाड्यांमध्ये हे यायला खरी सुरुवात तिथून झाली.

आता बटणाचं. चिखल, वाळू, बर्फात सुटायला चाक थोडं फिरावंच लागतं, आणि सिस्टीम नेमकी तेव्हाच इंजिनची ताकद कापते, म्हणून ते बटण ठेवलं. अमेरिकेने 2007 मध्ये नियम केला (तिथल्या सरकारी अंदाजाने एकट्या गाडीचे, म्हणजे दुसऱ्या गाडीशी टक्कर नसलेले अपघात कारमध्ये 34 टक्के आणि एसयूव्हीत 59 टक्के कमी होणार होते) आणि 2011 च्या सप्टेंबरपासून सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना ईएससी सक्तीचं झालं. त्यातच लिहिलंय की बटण देऊ शकता, पण बंद असताना दिवा दिसला पाहिजे आणि पुढच्या स्टार्टला सिस्टीम परत चालू झाली पाहिजे. कंपनीचा हट्ट नाहीये हा. आपल्याकडे 2023 पासून भारत एनकॅप (गाड्यांना सेफ्टीचे स्टार देणारी टेस्ट) आलंय, त्यात चांगले स्टार हवे असतील तर ईएससी लागतंच.

बऱ्याच गाड्यांत एकदा दाबलं की फक्त ट्रॅक्शन कंट्रोल जातं, ईएससी घालवायला काही सेकंद दाबून धरावं लागतं, तुमच्या गाडीचं मॅन्युअलमध्ये बघा. चालत्या गाडीत नको, थांबून बंद करा, आरामात बाहेर निघा आणि डांबरी रस्ता लागायच्या आत परत चालू करा. काही गाड्या स्पीड वाढला की स्वतःच चालू करतात, पण त्या भरवशावर घाटात शिरू नका.